चार अंश मागं

महाडहून भोरकडे वरंध घाट चढताना मामाची पद्मिनी एका ठरावीक वळणावर बोलायला लागायची. मे महिना, भर दुपार, मागच्या सीटवर आम्ही चार पोरं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. बोनेटखालून आवाज यायचा तो पितळी डब्यात खडे घालून कुणी हळूच हलवावा तसा. मामा ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा, आवाज थांबायचा. जरा जोर दिला की पुन्हा खडे. वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली की आम्ही भज्यांच्या टपरीकडे पळायचो. मामा मात्र बोनेट उघडून, कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघत उभा राहायचा. "पेट्रोलात रॉकेल मारलंय," एवढंच म्हणायचा. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. आजारी मुलाला काय होतंय ते सांगता येत नाही, तेव्हा आईचा होतो तसा.

भोरला एसटी स्टँडजवळ एक मिस्त्री होते. मामानं त्यांना आवाज तोंडानं करून दाखवला. त्यांनी गाडी चालू करायला लावली, दोनदा रेस दिली, मान हलवली. "टायमिंग पुढं हाय. घाटाला मागं घ्यावं लागंल." मी आठवीत होतो. टायमिंग म्हणजे काय, असं विचारल्यावर मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांनी जे सांगितलं त्याहून चांगलं मला पुढे डिप्लोमाच्या वर्गातही कुणी सांगितलं नाही.

"तुज्या घरी आजी भात कांडती ना? दोघी समोरासमोर कांडत्यात. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. दुसरीनं घाई केली तर काय व्हईल?"

"मुसळाला मुसळ लागेल."

"त्योच आवाज ह्यो. पिस्टन वर येतोय, आन आग त्याला वरनं खाली दाबतीय. आग जरा लवकर निघालीय घरनं."

मिस्त्रींनी डेल्कोचा बोल्ट ढिला केला. पुस्तकात ज्याला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात त्याला आमच्याकडच्या सगळ्या गॅरेजांत डेल्कोच म्हणत. ते काळं टोपण त्यांनी मुठीत धरलं आणि रोटर ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं किंचित वळवलं. इतकं किंचित की मला हात हललेलाच दिसला नाही. बोल्ट आवळला, खडूनं रेघ मारली. "हितं घाटासाठी. ही दुसरी रेघ पुण्याच्या रस्त्यासाठी."

पुढं बऱ्याच वर्षांनी मी तो हिशेब कागदावर केला. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. ठिणगी क्रँकच्या मोजमापानं चार अंश मागं न्यायची तर डेल्कोचं अंग दोनच अंश वळवायचं, म्हणजे कडेला मोजलं तर सव्वा मिलिमीटर. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना क्रँक एका सेकंदात 18,000 अंश फिरतो. म्हणजे मिस्त्रींनी मुठीत धरून जो काळ सरकवला तो एका सेकंदाचा साधारण साडेचार हजारावा हिस्सा. हाताशी कुठलंही यंत्र नव्हतं, फक्त कान होते.

आग लवकर का निघावी लागते, हेही सांगायला हवं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम पेटत नाही. ठिणगीपासून ज्वाला पसरत जाते आणि तिला काही मिलिसेकंद लागतात. पिस्टन तोवर थांबत नाही. म्हणून पिस्टन वर टोकाला पोचण्याआधीच ठिणगी पाडतात, वेगानुसार दहा अंश आधी, वीस, कधी तीसहून जास्त. हेतू एवढाच, की पिस्टन टोकावरून वळून दहा-पंधरा अंश खाली आला की दाब सर्वांत जास्त असावा. गाडी जितकी पळेल तितकी ठिणगी आधी हवी. डेल्कोच्या पोटात स्प्रिंगा लावलेली दोन छोटी वजनं असतात, ती वेगानं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढं नेतात. बाजूला एक चपटी डबी असते. पाय हलका असताना इंजिनातल्या निर्वातानं तिचा पडदा ओढला जातो आणि ठिणगी आणखी पुढं जाते. घाटात पाय पूर्ण दाबला की निर्वात संपतो, पडदा सैल होतो, ठिणगी मागं येते. म्हणजे भार आला की मागं सरायचं ही अक्कल त्या पत्र्याच्या डबीतही होती. पण भेसळीचं पेट्रोल, कोकणातली तापलेली हवा आणि चार पोरं यांचा हिशेब तिला माहीत नव्हता.

खड्यांचा आवाज येतो तेव्हा आत काय घडत असतं? ज्वाला पुढं सरकताना लांबच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं आणि ज्वालेची वाट न बघता एकदम भडकतं. त्या दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. रॉकेल मिसळलं की हे लवकर होतं, तापलेली हवा ओढली की लवकर होतं. पावसाळ्यात त्याच घाटात पद्मिनी गप्प असायची. ठिणगी मागं घेतली की पिस्टन आधीच खाली निघालेला असतो, जागा वाढलेली असते, दाब तेवढा चढत नाही, कोपरा शांत राहतो.

हाच आवाज बंद करायला माणसानं आणखी एक उपाय काढला होता. 1921 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना कळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की इंजिन खडखडत नाही. पुढं अनेक दशकं जगभर तेच पेट्रोल जाळलं गेलं आणि ते शिसं रस्त्याकडेच्या मुलांच्या रक्तात गेलं. आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते फेब्रुवारी 2000 मध्ये. वाघजाईपाशी भजी खाताना आम्हा चार पोरांच्या नाकातोंडात तोच धूर जात होता. इंजिनातून थोडी जास्त ताकद काढण्यासाठी हवेत विष सोडायचं की ठिणगी चार अंश मागं घ्यायची, असे दोन रस्ते होते. पहिला रस्ता इतकी वर्षं चालू राहिला याचा मला आजही राग येतो.

मागं घेण्यालाही किंमत असते, आणि ती मामानं पुढच्याच वर्षी मोजली. बिरवाडीला थांबून त्यानं स्वतः डेल्को फिरवला, पण खडूच्या रेघेच्या पलीकडं. खडे वाजले नाहीत, पण गाडीत जीव उरला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढली आणि अर्ध्या घाटात रेडिएटर उकळला. उशिरा पेटलेली आग पिस्टनला ढकलण्याऐवजी जळत जळत सायलेंसरच्या वाटेनं बाहेर निघते आणि सगळी धग तिकडं जाते. मिस्त्रींची रेघ नेमकी का होती हे त्या दिवशी कळलं.

वेल्ह्याकडे याचं दुसरं रूप बघितलं. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण माझ्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय. विंझरला आमच्या एका पाहुण्यांकडे जुनी बुलेट होती. पहाटे किक मारायची तर आधी पिस्टन नेमका टोकाच्या पुढं आणायचा, मग सगळं अंग टाकायचं. किक अर्धवट बसली आणि ठिणगी लवकर पडली, तर इंजिन उलटं फिरायचं आणि दांडा पायावर परत यायचा. त्या पाहुण्यांच्या उजव्या पोटरीवर त्याची खूण होती. चालू करताना इंजिन हळू फिरतं, म्हणून त्या क्षणी ठिणगी उशिरा हवी. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर त्यासाठी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला खास दांडी असे. ती वर करून ठिणगी मागं घ्यायची, मगच हँडल मारायचं. विसरलेल्याच्या मनगटाची खैर नसे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी वायरिंगच्या कामात पडलो. वर्षभर पुण्यात वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात, सुट्टीला भोर. नसरापूरचा माझा एक मित्र शर्यतीच्या नादातला. त्यानं जुन्या एस्टीमला टर्बो बसवायचं काढलं आणि तारांचं काम माझ्याकडं आलं. अशी गाडी रस्त्यावर चालवायला कायद्याची मुभा नाही. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम त्याबाबत स्पष्ट आहे आणि ते योग्य आहे. पाबे घाटाच्या वळणांवर रात्री शर्यती लावणारी पोरं मला माहीत आहेत, त्यांच्या आयांनाही मी ओळखतो. आमची गाडी टेंपोवर चढवून न्यायची होती ती लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर. तिथं 'व्हॅली रन'सारख्या ड्रॅग शर्यती होत.

टर्बो म्हणजे पंख्यानं सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणं. हवा जास्त, दाब जास्त, ताप जास्त, म्हणजे मुसळाला मुसळ लागायची भीती कितीतरी जास्त. त्यासाठी बाजारात एक डबा मिळतो. त्याला इंजिनाच्या मॅनिफोल्डवरून रबरी नळी येते. आतला दाब एक पाउंड वाढला की तो ठिणगी ठरल्याप्रमाणे एक, दोन किंवा तीन अंश मागं घेतो. किती ते डॅशबोर्डवरच्या बटणानं ठरवायचं. आम्ही दोनवर ठेवलं. सात पाउंड दाबाला चौदा अंश मागं. मिस्त्रींची खडूची रेघ आता डॅशबोर्डवर, चालत्या गाडीत, आपोआप.

तारा जोडताना मी केलेली चूक लिहायलाच हवी, कारण ती हाताला शिकवून गेली. डेल्को आम्ही बदलला होता. आत पॉइंट नव्हते, चुंबकी पिकअप होता, त्याच्या दोन तारा. मी त्या उलट्या जोडल्या. गाडी चालू झाली आणि सावकाश फिरताना ठीकही वाटली. मग पुलीवरच्या पांढऱ्या खुणेवर टायमिंग लाइट, म्हणजे दर ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, धरला. रेस वाढवली तशी खूण जागा सोडून सरकत सरकत दिसेनाशी झाली. पिकअप एक लहर देतो, तिची एक बाजू खडी आणि एक उताराची. तारा उलट्या झाल्या की डबा चुकीच्या बाजूवर ठिणगी पाडतो आणि चूक वेगाबरोबर वाढत जाते. तेव्हापासून पिकअपच्या दोन तारा मी एकमेकींना पीळ घालून, प्लगच्या जाड तारांपासून हातभर लांब नेतो. अर्थची तार रंगावर कधीच घट्ट करत नाही. पत्रा घासून उघडा करतो, किंवा सरळ बॅटरीपर्यंत नेतो. आणखी एक गोष्ट उशिरा कळली. किल्ली स्टार्टला फिरवली की काही तारांमधला करंट त्या दोन सेकंदांपुरता बंद होतो. मी नेमकी तशीच तार डब्याला दिली होती. बटण, नळी, पिकअप सगळं तपासून झालं, अर्धा दिवस गेला, आणि दोष निघाला त्या एका लाल तारेत.

रोटरचा प्रश्न त्याहून बारीक. डेल्को हातानं फिरवला तर टोपणही बरोबर फिरतं. डब्यानं ठिणगी मागं घेतली तर टोपण जागीच असतं आणि रोटर पुढं निघून गेलेला असतो. चौदा अंश म्हणजे रोटरचे सात. तेवढ्यात तो आपल्या टोकापासून लांब जातो आणि ठिणगी हवेतून उडी मारते, कधीकधी शेजारच्या टोकावर. मी एका जुन्या टोपणाला भोक पाडून त्यातून टायमिंग लाइट मारला. निळसर उजेडात रोटर थिजल्यासारखा दिसत होता, टोकाच्या बराच पुढं. मग तो असा बसवला की निम्मा फरक अलीकडं आणि निम्मा पलीकडं पडावा. त्या संध्याकाळी त्या भोकातून मी किती वेळ बघत बसलो होतो कुणास ठाऊक. सेकंदाचा हजारावा भाग डोळ्यांसमोर स्थिर उभा होता.

आणि तरीही पिस्टन गेला. धावपट्टीवरची तिसरी खेप. गाडी समोरून सुटली आणि मला खडे ऐकू आले, वरंध घाटातलेच, पण आता कुणी पत्र्यावर ओतावेत तसे. मित्रानं पाय काढला, पण तोवर दोन नंबरच्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली होती. रबरी नळी मॅनिफोल्डवरून निसटली होती. डब्याला वाटलं दाबच नाही, म्हणून त्यानं ठिणगी पुढंच ठेवली. डब्याचा दोष नव्हता. आम्ही त्याला एकच कान दिला होता, आणि तो बंद पडला तर काय करायचं हे सांगितलं नव्हतं.

जुलैत भोरला आलो तेव्हा मुसळधार चालू होती आणि भाटघर धरण भरलं होतं. मी आणि तो मित्र बघायला गेलो. भाटघरला 45 स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की माणसानं हात न लावता ते उघडतात. पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये इथून जवळच खडकवासल्याला बसवले होते. पांढऱ्या पाण्याच्या भिंतीसमोर उभं राहून मित्र म्हणाला, "लाइट गेली तरी हे उघडणार ना?" उघडणार. उघडायला त्यांना लाइट लागतच नाही. त्यांची सगळी रचनाच अशी, की काही बिघडलं तर पाणी वाहून जावं आणि धरण राहावं.

परत येताना गाडीत तोच विषय. आमचं वायरिंग उलटं होतं. मागं येण्यासाठी आम्ही नळीवर अवलंबून होतो, म्हणजे काही तुटलं की ठिणगी पुढं. हवं होतं ते असं, की मागं राहणं ही मूळ जागा आणि पुढं जायला मात्र सगळं शाबूत लागावं. पाच पायांचा रिले घेतला. त्याचा 87 ए हा पाय करंट नसताना जोडलेला असतो, तिथून डब्यातल्या, ठिणगी मागं घेणाऱ्या तारेला पुरवठा दिला. आता रिले ओढलेला असेल तेव्हाच ठिणगी पुढं. रिलेच्या वाटेत दाबाचा स्विच घातला, दाब चढला की तोडणारा. तो नळीवर न बसवता मॅनिफोल्डला आटे पाडून थेट बसवला, म्हणजे निसटायला काही उरलंच नाही. आणि मागं घेणाऱ्या तारेचा आणि ठिणगीच्या डब्याचा फ्यूज एकच ठेवला. तो उडाला तर गाडी जागच्या जागी बंद पडेल, इंजिन वाचेल. तपासताना रिलेला ओढून धरणारी एकेक तार मुद्दाम सोडून बघितली, फ्यूजही काढून बघितला. प्रत्येक वेळी पुलीवरची पांढरी खूण मागं आली, नाहीतर इंजिनच थांबलं. गॅरेजातला कुठलाही विजय मला त्या खुणेच्या मागं येण्याइतका गोड वाटलेला नाही. मिस्त्री तेव्हा हयात नव्हते. त्यांना दाखवायला आवडलं असतं.

आताच्या गाड्यांना डेल्को नसतो. इंजिनाच्या अंगावर एक बोल्ट घट्ट केलेला असतो आणि त्याखाली स्फटिकाची चकती. सिलिंडरमध्ये तो आवाज उठला की काही हजार हर्ट्झचा कंप लोखंडातून चकतीपर्यंत येतो, चकतीत क्षीण वीज उमटते आणि संगणक त्या एकाच सिलिंडरची ठिणगी मागं घेतो. मग हळूहळू, पायरी पायरीनं पुढं नेऊन बघतो, जमतंय का. तो बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळला तरी चकती नीट ऐकत नाही, म्हणून तो मी आजही टॉर्क पान्यानंच आवळतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही 1966 मध्ये स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था आहे. गाड्यांच्या धुराच्या चाचण्या तिथं होतात. त्या बाजूनं जाताना मला दर वेळी वाटतं, की आत मिस्त्रींच्या कानाचंच काम चाललेलं असणार.

गेल्या पावसाळ्यानंतर भाचीला घेऊन पाबे घाटानं वेल्ह्याला निघालो. आता मामा मी होतो. गाडी ती चालवत होती. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तिनं बोटाएवढं एक यंत्र खोचलं होतं आणि मोबाइलवर आकडे दिसत होते. त्यात ठिणगीच्या अंशांचाही एक. मोबाइल तिनं माझ्या हातात दिला.

सपाटीला 24, 26. चढ लागला, तिनं पाय दाबला, 15. भार वाढला की संगणकातलं कोष्टकच ठिणगी तेवढी मागं घेतं, त्यात नवल नव्हतं. मग एका आखूड वळणावर, गिअर वरचाच ठेवून तिनं जोर मागितला आणि आकडा एकदम 11 वर आला. चार अंश. मी कान दिला. पंख्याचा आवाज, टायरखालची खडी, तिनं लावलेलं गाणं.

"मामा, काय झालं?"

"गिअर खाली घे."

तिनं घेतला. 12. थोड्या वेळानं 13. आकडा एकेक पायरी चढत होता आणि मी त्याच्यावरची नजर काढू शकत नव्हतो. खिंडीत पोचलो तेव्हा तो पुन्हा 15 वर होता. तिनं गाडी कडेला घेतली. समोर तोरणा, डावीकडं राजगड, दोन्ही नुकतेच धुतलेले. मी खाली उतरलो, बोनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून इंजिनाकडे बघत उभा राहिलो.